वर्गातून कॉपीरायटिंगकडे: पुण्यातल्या शिक्षकांसाठी वाटाड्या

मी ११ वर्षं मराठी शिकवलं, पाचवी ते दहावी. गेली ७ वर्षं जाहिराती आणि माहितीपत्रकं लिहिते. मधलं दीड वर्ष मात्र असं गेलं की ना धड शिक्षिका, ना धड कॉपीरायटर. तुमचं ते दीड वर्ष वाचावं म्हणून हा लेख. डी.एड., बी.एड. करून शाळेत किंवा क्लासमध्ये शिकवलंय आणि आता लिहून पोट भरता येईल का असं मनात घोळतंय, अशांसाठी.

सुरुवातीला सगळे मला एकच सांगायचे, "तुझं मराठी चांगलं आहे, तुला काय अवघड?" मराठी चांगलं असणं ही या कामातली पाटी-पेन्सिल झाली. ती लागतेच, पण तिचे वेगळे पैसे कोणी देत नाही. शिक्षकाकडे खरी उपयोगाची वस्तू वेगळी असते. ती म्हणजे शेवटच्या बाकावरच्या पोराला कळलं की नाही, हे त्याचा चेहरा बघून ओळखायची सवय. आणि खरी अडचणही शिक्षकाचीच असते. आपलं पोर तास संपेपर्यंत उठून जाऊ शकत नव्हतं. अलका टॉकीजच्या चौकात पत्रक हातात घेतलेला माणूस सिग्नल सुटायच्या आत ते टाकून देतो. खालच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टींभोवतीच फिरतात.

१. राजीनामा आधी नको, आणि द्याल तेव्हा नीट द्या

नोकरी चालू असताना निदान सहा महिने संध्याकाळी सराव करा. पैसे घेऊन बाहेरचं काम करायचं असेल तर संस्थेची लेखी परवानगी मागा. स्टाफरूममध्ये गोष्ट लपत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

महाराष्ट्रातल्या खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांना १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम आणि १९८१ ची नियमावली लागू आहे. त्यानुसार कायम शिक्षकाला तीन महिन्यांची आणि कायम नसलेल्याला एक महिन्याची पूर्वसूचना द्यावी लागते. राजीनाम्याच्या दोन प्रती करायच्या, दोन्हींवर सही आणि तारीख टाकायची, एक संस्थेला रजिस्टर पोस्टाने (ही सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली, तेव्हा आता नोंदणीसह स्पीड पोस्टाने) पाठवायची आणि दुसरी स्वतःकडे ठेवायची. मी तो मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून आले होते आणि नंतर "आमच्याकडे काही आलेलंच नाही" हे ऐकून घेतलं. अनुभव प्रमाणपत्र आणि कार्यमुक्तीचं पत्र हातात पडल्याशिवाय शाळेची पायरी उतरू नका.

२. प्रत्येक कामाचं टाचण काढा

टाचण म्हटल्यावर तोंड वाकडं होतं, माझंही व्हायचं. पण जाहिरात कंपन्यांमध्ये ज्याला ब्रीफ म्हणतात ते टाचणच असतं. फरक एवढाच की ते आयतं मिळत नाही, ग्राहकाला प्रश्न विचारून आपणच काढायचं.

माझं पहिलं काम कोथरूडमधल्या एका काकूंचं होतं. त्या डबे देतात. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत वाटायला पत्रक हवं होतं, मोबदला ५०० रुपये. मी रात्रभर बसून १७० शब्द लिहिले. सुरुवात अशी: "अन्न हे पूर्णब्रह्म! घरापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सात्त्विक, पौष्टिक व रुचकर आहाराची सोय..." काकूंनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "छान लिहिलंय हो. पण डबा किती वाजता येतो ते कुठंय? आणि रविवारी संध्याकाळी आमची सुट्टी असते. ते नाही लिहिलंत तर फोन घेऊन घेऊन मी दमेन."

मी घरी आले आणि जुन्या वहीत रकाने आखले, अगदी पाठाच्या टाचणाचे.

उद्दिष्ट: पत्रक वाचून पोराने काय करायला हवं? महिन्याचे पैसे भरायला नकोत, नुसता एक फोन करायला हवा.

पूर्वज्ञान: त्याला डब्यातलं आधीच काय माहीत आहे? दोन वाजता आलेला गार डबा. म्हणजे 'सात्त्विक' शब्दावर त्याचा विश्वास बसणार नाही, वेळेवर बसेल.

सज्जता प्रवर्तन: बी.एड.च्या सूक्ष्मपाठात, म्हणजे छोट्या सरावपाठात, ज्याने घाम फोडला होता ते हेच. पहिल्या ओळीने त्याचं लक्ष कसं वळवायचं?

मूल्यमापन: पंधरा दिवसांत फोन किती आले, ते काकूंनी कॅलेंडरवर रेघा मारून मोजायचं.

मग पत्रक झालं ते असं:

"साडेबाराला डबा दारात.
तीन पोळ्या, भाजी, आमटी, भात. गुरुवारी भाकरी.
रविवारी संध्याकाळी सुट्टी.
आधी एक दिवस खाऊन बघा, मग महिन्याचं ठरवू."

शेवटची ओळ माझी नाही. मी समोर बसले असताना काकूंना एक फोन आला, त्यावर त्या हेच बोलल्या. मी फक्त ऐकलं आणि उतरवून घेतलं. तेव्हापासून ग्राहकाकडे गेले की त्याचा धंदा समजून घ्यायच्या आधी तो गिऱ्हाइकाशी कसा बोलतो ते तासभर ऐकत बसते. अर्धी कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, तिथेच मिळते.

३. कोणती कौशल्यं जशीच्या तशी चालतात

ज्ञाताकडून अज्ञाताकडे, मूर्ताकडून अमूर्ताकडे. परीक्षेपुरतं पाठ केलेलं हे सूत्र इथे रोज लागतं. सौर पॅनेलवाल्याला किलोवॅट सांगायचे असतात, आणि वाचकाला घरचं वीजबिल माहीत असतं. सुरुवात बिलापासून करायची.

उत्तरपत्रिका तपासायची सवय तर सोन्यासारखी. साठ पेपरांत तीच चूक दिसली की आपण पोरांना नाही, प्रश्नाला दोष द्यायला शिकतो. एका पतसंस्थेच्या ठेवीच्या फॉर्मवर 'नामनिर्देशित व्यक्तीचे नाव' असा रकाना होता आणि कित्येक ठेवीदार तिथे स्वतःचंच नाव लिहायचे. मी सुचवलं, "तुमच्यानंतर ही ठेव कोणाची?" त्यांचे वकील म्हणाले, चालणार नाही. ज्याचं नाव लावलंय त्याच्याकडे रक्कम सोपवली जाते, पण तो मालक होतोच असं नाही, वारसांचा हक्क राहतो. बरोबर होतं त्यांचं. मग झालं, "तुमच्यानंतर ही रक्कम कोणाच्या हाती द्यायची?" एका 'हाती'ने कायदाही सांभाळला आणि रकानाही बरोबर भरला जाऊ लागला. असं काम जिला जमतं तिला चमकदार घोषवाक्यं सुचली नाहीत तरी बिघडत नाही.

सूक्ष्मपाठाचा क्रमही विसरू नका: पाठ, प्रत्याभरण (बघणाऱ्याने काय सुधारायचं ते सांगणं), पुन्हा पाठ. लिहिलेलं आधी कोणाला तरी वाचायला द्या, वाचून झाल्यावर कागद काढून घ्या आणि "काय सांगितलंय?" एवढंच विचारा. "आवडलं का?" हे विचारूच नका. आपल्या पुण्यात त्यावर वीस मिनिटं मतं मिळतात आणि उपयोग शून्य.

४. काय सोडायचं

हे मला सगळ्यात जड गेलं.

पहिलं, अभ्यासक्रम पूर्ण करायची खोड. दुकानात बारा वस्तू असतील तर आपल्याला बाराही धडे घ्यायचे असतात. एका पत्रकात एकच धडा. उरलेले अकरा काढून टाकताना हात थरथरतो, थरथरू द्या.

दुसरं, लाल पेन. ग्राहकाने पाठवलेल्या मेसेजमधलं शुद्धलेखन सुधारून परत पाठवू नका. मी एकदा पाठवलं. ते काम पुन्हा आलं नाही.

तिसरं, आज्ञार्थ आणि 'नये'. 'वर्गात बोलू नये', 'व्हरांड्यात पळू नये' असं वर्षानुवर्षं म्हणून आपला सूर पुणेरी पाटीसारखा होतो. पुणेरी पाटी वाचायला झकास असते, तिचे फोटो जगभर फिरतात. पण ती माणसाला दारातून परत पाठवायला लिहिलेली असते. आपल्याला त्याला आत घ्यायचंय.

चौथं 'केले' आणि 'केलं'. शाळेत 'केले, गेले, सांगितले' लिहून बोटं वळलेली असतात. जाहिरातीत बहुतेक वेळा बोलीतला अनुस्वारच बरा दिसतो: 'आम्ही ठरवलं', 'तुम्ही सांगितलंत'. पण बँकेची सूचना, करारपत्र किंवा सरकारी धाटणीचा मजकूर असेल तर 'केले'च ठेवा. आणि एका कागदावर दोन्ही नकोत. ते शेंबड्या पोरालाही खटकतं.

५. नमुन्यांची वही

'आधी केलेलं काम दाखवा' हा पहिला प्रश्न असतो आणि आपल्याकडे दाखवायला स्नेहसंमेलनाची सूत्रसंचालनं असतात. म्हणून पाच नमुने स्वतःच तयार करा. अप्पा बळवंत चौकातून लक्ष्मी रोडने शांतपणे चालत जा, हातात वही घेऊन. पुस्तकांची दुकानं, साड्या, सराफ, चष्मेवाले. पाट्या आणि पत्रकं उतरवून घ्या. ज्यातून काहीच कळत नाही अशी पाच निवडा आणि पुन्हा लिहा. डावीकडे जुना मजकूर (दुकानाचं नाव झाकून), उजवीकडे तुमचा, खाली दोन ओळींत बदल का केला ते. हे कारण लिहिणं महत्त्वाचं. स्पष्टीकरण देणं आपल्याला येतं आणि बहुतेक होतकरू लेखकांना येत नाही, तिथे तुम्ही उठून दिसाल.

सापळा: 'टेस्ट' म्हणून संपूर्ण संकेतस्थळाचा मजकूर फुकट लिहून मागतात. पानभराची चाचणी द्या, त्यापुढे बिल. एका ठिकाणी मी आठ पानं लिहून दिली आणि "निवड झाली नाही" असं कळवल्यानंतर महिन्याभराने त्यातली तीन पानं त्यांच्याच संकेतस्थळावर वाचली.

६. पहिलं काम कुठे शोधाल

मोठ्या जाहिरात कंपन्यांच्या दारात आधी जाऊ नका. तिथे इंग्रजीत सुचलेली ओळ मराठीत आणायचं काम मिळतं, तेही रात्री अकराला आणि सकाळी नऊपर्यंत. शिकण्यासारखं असतं, पण नवख्याला त्यात 'हे मराठीत असं म्हणत नाहीत' हे सांगायची हिंमत होत नाही आणि मग 'आपल्या स्वप्नांना द्या नवी उडान' छापलं जातं. उडान मराठी नाही हे सांगायचेच तर आपल्याला पैसे मिळतात.

शिक्षकाने जावं तिथे, जिथे समजावून सांगायची गरज आहे. नवी पेठ, सदाशिव पेठेतले स्पर्धा परीक्षांचे क्लास. रुग्णालयं: शस्त्रक्रियेनंतर घरी काय करायचं ती पत्रकं अजूनही कित्येक ठिकाणी इंग्रजीत किंवा अगम्य मराठीत असतात. सहकारी बँका, पतसंस्था. भोसरी, चाकणचे कारखाने, जिथे यंत्राजवळच्या सुरक्षासूचना कामगाराला एका नजरेत कळायला हव्यात. बांधकाम व्यावसायिक, कारण पुण्यात जाहिरातीवर खर्च करणाऱ्यांत ते आघाडीवर. आणि पेठांतले छापखाने. छापखानेवाल्याकडे रोज कोणीतरी येऊन म्हणतं, "मजकूर तुम्हीच काहीतरी टाका." त्यांच्याकडे तुमचं कार्ड असू द्या. माझी पहिल्या वर्षातली निम्मी कामं नारायण पेठेतल्या एका छापखान्यातून आली.

हल्ली आणखी एक प्रकार वाढलाय: चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेला मजकूर पाठवतात आणि "जरा फक्त नजर टाका" म्हणतात. ती नजर टाकायला नवं लिहिण्याइतकाच वेळ लागतो. 'सुनिश्चित करा', 'आपला अनुभव उन्नत करा' असं ओळीओळीला असतं. दर कमी करू नका.

७. कायद्याचे खड्डे

छापून गेल्यावर बोट तुमच्याकडेही दाखवलं जातं, म्हणून एवढं माहीत हवंच.

क्लासची जाहिरात लिहिताना 'निवडीची हमी', '१०० टक्के यश' हे शब्द विसरा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव, फोटो वापरायचा तर निवड झाल्यानंतर घेतलेली त्याची लेखी संमती लागते, आणि त्याने नेमका कोणता कोर्स केला होता तेही सांगावं लागतं. नुसती मुलाखतीची तयारी केलेल्याला 'आमचा विद्यार्थी' म्हणून मिरवता येत नाही.

बांधकामाच्या जाहिरातीत महारेराचा (गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड बंधनकारक आहे. तो नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. डिझायनर कोड टाकायला विसरतो, तुम्ही विसरू नका.

औषधं आणि उपचारांबाबत १९५४ चा जादूई उपाय प्रतिबंधाचा कायदा आहे. 'मधुमेह मुळापासून घालवा' असं लिहून मागणारे भेटतील. सरळ नाही म्हणा. आणि 'पुण्यातील क्रमांक एक' लिहायला सांगितलं तर विचारा, कोणी मोजलं? जाहिरातींच्या दाव्यांवर १९८५ पासून काम करणारी भारतीय जाहिरात मानक परिषद अशा दाव्याला पुरावा मागते. मी हा प्रश्न विचारला की बहुतेक ग्राहक हसतात आणि ओळ स्वतःच खोडतात.

८. साधनं आणि कागदपत्रं

साधनांत साधा लॅपटॉप पुरे. युनिकोडमध्ये वेगाने टंकलेखन यायलाच हवं. इथे एक पुण्याचा खास घोळ आहे. श्रीलिपी हे सॉफ्टवेअर इथल्याच कंपनीचं, आणि कित्येक छापखान्यांत आजही त्याचेच जुने फॉन्ट चालतात. तुमचा युनिकोड मजकूर तिथे नेला की जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो. 'तुमच्या'चा 'च्या' आणि 'दुसऱ्या'चा 'ऱ्या' आधी तपासा, बिघाड तिथेच दिसतो. ल आणि श हिंदी वळणाचे आलेत का तेही बघा. छपाईपूर्वीचं शेवटचं प्रूफ कागदावर मागा. मोबाइलवरच्या फोटोवर "ओके" लिहू नका.

कागदपत्रं:

- पॅन, आधार आणि कामासाठी वेगळं बचत किंवा चालू खातं
- शाळेचं अनुभव प्रमाणपत्र व कार्यमुक्ती पत्र
- उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद. ती सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत होते. पैसे मागणारी नक्कल संकेतस्थळं शोधात वर दिसतात, तिथे फसू नका
- व्यवसाय कराची नोंदणी, वर्षाला २,५०० रुपये
- कोटेशन आणि बिलाचा नमुना

वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची घाई नको. एखादी कंपनी वर्षात ५० हजारांहून जास्त देत असेल तर बिलातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जाईल. पैसे कमी आले म्हणून भांडायला जाऊ नका, मी गेले होते. आयकर विवरणपत्र भरलं की तो हिशेबात धरला जातो.

९. कोटेशन, फेऱ्या आणि पैसे

शब्दांवर दर लावू नका. काकूंचं १७० शब्दांचं पत्रक एकवीस शब्दांवर आलं, तर मला कमी पैसे मिळायला हवे होते का? कामावर लावा: एक पत्रक, एक फॉर्म, एक पान.

कोटेशनमध्ये चार गोष्टी लिहाच. निम्मे पैसे आधी. दोन फेऱ्यांचे बदल धरलेले, तिसरीपासून वेगळे. मजकूर कोण मंजूर करणार त्या एकाच माणसाचं नाव. नाहीतर मालक, मालकाची पत्नी, मेहुणा आणि अमेरिकेतला मुलगा असे चौघे चार दिशांना ओढतात आणि तुमच्या सात फेऱ्या होतात. चौथं, पूर्ण पैसे मिळाल्यावर मजकुराचे हक्क ग्राहकाचे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार बाहेरून लिहून देणाऱ्याचा हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाही. हे वाक्य कोटेशनवर असलं की पैसे जरा लवकर हलतात.

उद्यम नोंदणी असेल तर लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याचा आधार मिळतो. करारात कितीही दिवस लिहिलेले असोत, ४५ दिवसांच्या पुढे पैसे रखडवता येत नाहीत. लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवस. उशिरावर व्याज मागता येतं. बिलाच्या तळाशी नोंदणी क्रमांकासह ही एक ओळ टाका.

तरीही फोन करावाच लागतो. पहिल्या वर्षी मी "सॉरी, डिस्टर्ब करतेय, ते बिलाचं जरा..." असं पुटपुटायचे. आता दर महिन्याच्या पाच तारखेला सकाळी साडेदहाला वही उघडते आणि हजेरीसारखी एकेक नावं घेते. सूर तोच ठेवते, ज्यात आपण सोमवारी पहिल्या तासाला विचारायचो, गृहपाठ आणलाय का?